घाट चढून गेलेली मासळी

लोणावळ्याच्या आणि माथेरानच्या कड्यांत काळ्या खडकाचे थर आडवे दिसतात, एकावर एक रचलेले आणि जवळजवळ सपाट. घाट उतरून पनवेलच्या पट्ट्यात आलं की हेच थर पश्चिमेला, समुद्राकडे कलू लागतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला आणि दख्खनचं पठार तयार झालं. पुढे सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला, पश्चिम किनारा खचला आणि त्या ओढाताणीत हा अख्खा पट्टा वाकला. जे. बी. ऑडेन या भूवैज्ञानिकाने १९४९ मध्ये त्याबद्दल लिहिलं, आणि आज जगभरच्या भूशास्त्राच्या लेखनात ‘पनवेल फ्लेक्शर’ हे नाव येतं. (हे ऑडेन म्हणजे इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे सख्खे भाऊ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात ते नोकरीला होते.) आमच्या गावाचं नाव असं विज्ञानात कोरलेलं आहे, पण पनवेलकरांच्या बोलण्यात ते मी क्वचितच ऐकलं. आमच्याकडे पनवेल म्हटलं की जंक्शन, हायवे, एसटी स्टँड आणि आता विमानतळ.

खडकाचं वय कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. या वाकलेल्या खडकावर माणूस कधीपासून राहतो? १९३० च्या दशकात के. आर. यू. टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने कांदिवलीच्या आसपास अश्मयुगीन दगडी हत्यारं शोधली. ती उत्तरेकडची बाजू झाली. दक्षिणेला रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं कोरलेली आहेत. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. या दोन टोकांच्या मधे आमचा पट्टा पडतो. त्याच्या प्रागितिहासाबद्दल वाचायला लागले की प्रत्येक वाट घाट चढून पुण्याला, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजकडे जायची. तिथल्या पुरातत्त्व विभागाचं एक छोटं संग्रहालय आहे. ते बघायचं ठरलं तेव्हा मोठ्या वहिनी म्हणाल्या, “वन्सं, मीही येते. तुम्ही एकट्या गेलात तर आल्यावर दोन दिवस सगळं सांगत बसाल. त्यापेक्षा मीच बघते.”

वहिनींचं माहेर पेण तालुक्यातलं हमरापूर. तिथे घराघरांत गणपतीचे कारखाने. लग्नाआधी त्यांचा निम्मा दिवस शाडूच्या मातीत जायचा. सोबतीला म्हणून निघालेल्या वहिनींनी तिथे मला किती गोष्टी दाखवल्या, ते पुढे येईलच.

डेक्कन कॉलेजची संस्था जुनी. १८२१ मध्ये एल्फिन्स्टनच्या काळात, पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून, विश्रामबाग वाड्यात सुरू झालेली पाठशाळा हे तिचं मूळ. येरवड्याच्या माळावरची दगडी, उंच कमानींची इमारत १८६८ पासूनची. तिच्या खर्चाचा मोठा वाटा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी उचलला. टिळक आणि आगरकर इथले विद्यार्थी. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं साल १९३९. त्या वर्षी संशोधन संस्था म्हणून इथे नवं काम सुरू झालं आणि हसमुख धीरजलाल सांकलिया प्राध्यापक म्हणून रुजू झाले. इरावती कर्वेही त्याच सुमाराला तिथे आल्या. चाळीसच्या दशकात हे दोघे गुजरातमध्ये लांघणजला मध्याश्मयुगीन माणसांचे सांगाडे शोधत होते. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई उन्हातान्हात हाडांची मोजमापं घेत होत्या, हे मला त्यांच्या लेखनाइतकंच मोठं वाटतं.

संग्रहालयात मोठं दालन, रोषणाई, ध्वनिमुद्रित निवेदन अशी काही अपेक्षा ठेवू नये. ही शिकण्या-शिकवण्याची जागा आहे, आणि ते तिथे लगेच कळतं. कपाटं, तक्ते, नकाशे आणि काचेआड दगड, खापरं, हाडं. आम्हाला माहिती द्यायला एक संशोधक विद्यार्थिनी होती. ती शिरूरकडची. बोलताना ‘आपल्या घोडनदीला’ असं म्हणायची.

सुरुवात दगडांपासून होते. हातकुऱ्हाड हा शब्द आपण शाळेत वाचतो आणि लाकडाच्या दांड्याची कुऱ्हाड डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात ती हाताच्या तळव्यात मावणारी, बदामाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी कपचे उडवलेली वस्तू असते. दांडा नाही, मूठ नाही. नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकी इथे गुड्रून कॉर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने १९६० च्या दशकात उत्खनन केलं आणि अशा हत्यारांची मोठी जागा उघडी केली. जुन्नरच्या बाजूला कुकडीकाठच्या बोरीला अशी हत्यारं ज्वालामुखीच्या राखेबरोबर सापडली. राख इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची. पण त्याच्या कोणत्या स्फोटाची? चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून कितीतरी जुन्या? यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. हत्याराचं वय त्या राखेच्या वयावर टेकलेलं, त्यामुळे दगड तोच राहून त्याचा काळ लाखो वर्षांनी पुढेमागे होतो.

पनवेल-उरणच्या बाजूला दगडखाणींचा, खडीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. कठीण बसाल्ट फोडणं काय असतं हे आम्ही लहानपणापासून बघितलेलं. सुरुंग, मग घण, मग हातोडी. इथे समोरच्या दगडावर फक्त दुसऱ्या दगडाचा घाव आहे. तरी धार सरळ आहे, दोन्ही अंगं सारखी आहेत, आणि प्रत्येक कपचा कुठून उडाला त्याची खोलगट खूण दिसते आहे. त्या खुणा एकामागून एक बघत गेलं की करणाऱ्याचा क्रम कळतो. हा घाव आधी, तो नंतर. शेवटचे घाव टोकाशी, लहान आणि जपून घातलेले.

पुढे नेवासा आणि जोर्वे ही नावं येतात. सिंधू संस्कृतीचा ऱ्हास आणि मौर्य काळ यांच्या मधली दीड हजार वर्षं दख्खनमध्ये अंधारयुगाची, अशी एके काळी समजूत होती. १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळच्या जोर्व्याला सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खणायला सुरुवात केली. मग नेवासा, चांडोली, इनामगाव. दहा-वीस वर्षांत त्या अंधारात शेतकरी दिसू लागले, त्यांची घरं दिसू लागली, त्यांच्या चुली दिसू लागल्या. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी हे. मधुकर केशव ढवळीकर यांनी पुढे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ लिहिली ती यांच्यापासून सुरू होते.

जोर्वे पद्धतीचं भांडं ओळखायला सोपं. तांबूस-नारिंगी अंग, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, बहुतेक भौमितिक. कंगोरेदार वाडगे आणि लांब तोटीचे गडू. चाकावर केलेली आणि चांगल्या आचेत भाजलेली. टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो, असं मुलीने सांगितलं. वहिनी वाकून काचेला नाक लावून बघत होत्या. “माती गाळून घेतलीय,” त्या म्हणाल्या. “खडा नाही कुठे. हे रोजचं काम करणाऱ्याचं आहे.” इनामगावला कुंभाराची भट्टी सापडली आहे हे मुलीने सांगितलं तेव्हा वहिनींनी फक्त मान हलवली, जणू ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

आता इनामगाव. या सगळ्या प्रवासाचा गाभा मला तिथे सापडला, म्हणून जरा थांबून सांगते.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी हे गाव. १९६८ पासून १९८३ पर्यंत सांकलिया, ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खननाचे हंगाम झाले. एका गावाला पंधरा वर्षं दिली. सहसा उभा खड्डा घेतला जातो, थर मोजले जातात आणि काम संपतं. इथे वस्ती आडवी उघडली, त्यामुळे घर, अंगण, चूल, गल्ली, शेजार असं पूर्ण गाव हाती आलं. शंभराहून अधिक घरं, दोनशेहून अधिक दफनं. काळ साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७००. म्हणजे नऊशे वर्षं एकाच जागी माणसं राहिली. ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतचा काळ मोजला तरी तो त्याहून थोडा कमीच भरतो.

ते जव पिकवत होते, गहू थोडा. मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल. जळून कोळसा झालेले दाणे मातीतून पाण्यावर तरंगवून वेगळे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची ओळख पटवतात. या कॉलेजात मु. दा. काजळे यांनी ते काम केलं. वालाचं नाव ऐकून वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रायगडात थंडी पडली की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, वर अंडी किंवा कोंबडी, मडकं उपडं आणि भोवती जाळ. घोडकाठचे लोक वाल कसे शिजवत ते कोळसा झालेल्या दाण्यावरून समजत नाही. पण वाल आणि मडकं या दोन गोष्टी त्यांच्या घरात होत्या एवढं नक्की.

नदीचं पाणी वळवायला त्यांनी कालवा खणला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता. एकट्यादुकट्या कुटुंबाचं हे काम नाही. गावात कोणीतरी माणसं बोलावणारा, काम वाटून देणारा होता. पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार सापडलं, त्यावरून तिथे गावचा प्रमुख राहत असावा असा तर्क आहे. त्याच घराच्या अंगणात चार पायांचा रांजण मिळाला.

हा रांजण मी कित्येकदा छायाचित्रात पाहिला होता. समोर बघताना वेगळंच वाटतं. कच्च्या मातीचा, पोट फुगलेला, खाली चार जाड पाय. त्यात चाळिशीच्या आसपासचा पुरुष गर्भातल्या मुलासारखा गुडघे पोटाशी घेऊन बसवलेला. बरोबरच्या भांड्यांपैकी एकावर लांब वल्ह्यांच्या होडीचं चित्र आहे. रांजणाच्या खाली आणखी एक तसाच रांजण होता, पण त्यात सांगाडा नव्हता.

या पुरुषाच्या पायांचे पंजे शाबूत आहेत. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण इनामगावच्या इतर प्रौढांचे पंजे घोट्याखाली तोडलेले आहेत. मृत्यूनंतर तोडलेले. डोकं उत्तरेला, अंग लांब पसरलेलं, घराच्याच जमिनीखाली पुरलेलं. मेलेला माणूस उठून चालत जाऊ नये, घरातच राहावा, म्हणून असेल का? असा अर्थ लावतात. मुलगी हे सांगताना ‘असेल’ हा शब्द प्रत्येक वाक्यात वापरत होती. मला तो सावधपणा फार आवडला. आपल्याकडे इतिहासावर बोलताना इतके लोक छातीठोकपणे बोलतात, आणि इथे जिने ती हाडं हातात धरली आहेत ती ‘असेल’ म्हणते.

आणि मुलं. दफनांत बहुतांश लहान मुलं आहेत. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवायचे, आत मूल. खड्डा घराच्या आत, जमिनीखाली. वर सारवलेलं, वर चूल, वर रोजचं उठणं-बसणं. हे कुंभ चाकावरचे नाहीत, हाताने केलेले जाडेभरडे. कडेला मातीची पट्टी चिकटवून ती बोटाने दाबत नेलेली आहे, दर अर्ध्या इंचावर एक खळगा. वहिनी तिथे खूप वेळ उभ्या राहिल्या. मग आपला अंगठा हवेत धरून त्या खळग्यांशी मापून बघितला. “बाईचं बोट आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्याहून बारीक.” शास्त्र म्हणून याला आधार नाही. पण ज्या हाताने हजारो मूर्ती घडवल्या त्या हाताचं निरीक्षण आहे, आणि मी ते लिहून ठेवलं.

नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तीन हजार वर्षांत दोरा टिकत नाही. पण तांबं गंजताना जे क्षार सुटतात ते धाग्यात मुरतात आणि कुजणं थांबवतात. मोहेंजोदडोच्या सुती धाग्याची तपासणी करणाऱ्यांपैकी ए. एन. गुलाटी यांनी हा धागा पाहिला आणि त्यात कापसाबरोबर रेशीम ओळखलं. मूल गेल्यावर कोणीतरी त्याच्या गळ्यात ती माळ राहू दिली, काढून घेतली नाही. तांबं तेव्हा दुर्मीळ होतं.

इनामगावच्या मुलांच्या हाडांनी आणि दातांनी आणखी बरंच सांगितलं आहे. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी १९८० च्या दशकात त्यांचा सविस्तर अभ्यास केला, आणि पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी. मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं की दातावरच्या आवरणात खाच पडते, हाडाची वाढ अडते. शेवटच्या तीनशे वर्षांतल्या मुलांत असा ताण वाढलेला दिसतो. त्याच काळात घरंही बदलतात. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, गहू-जव कमी होतात, शिकार वाढते. ढवळीकरांनी या गोल झोपड्यांची तुलना फासेपारध्यांच्या पालांशी केली. पाऊस कमी होत गेला आणि शेतकऱ्याचा पुन्हा भटक्या झाला, अशी त्यांची मांडणी. पावसाचा हा हिशेब सगळ्यांना मान्य नाही. पण लेकरांच्या दातांवरची खाच कोणाला नाकारता येत नाही. मराठवाड्यातल्या, नगरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला यातला शब्द न्‌ शब्द समजेल.

मग ती गोष्ट आली जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

इनामगावला बाहेरून काय काय येत होतं याची यादी मोठी आहे. शंख सौराष्ट्राकडून, सोनं आणि हस्तिदंत कर्नाटकातून. आणि कोकणातून समुद्रातली मासळी. घोडनदीच्या काठी, किनाऱ्यापासून वाटेने जवळपास दोनशे किलोमीटर आत, समुद्री माशांची हाडं सापडली आहेत. कल्याण किंवा महाडच्या बाजूने ती आली असावीत, असं अभ्यासक म्हणतात.

पनवेलच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ताजी मासळी दोनशे किलोमीटर चालत जाऊ शकत नाही. ती सुकवलेली असणार. म्हणजे कोणीतरी ती किनाऱ्यावर चिरली, मीठ लावलं किंवा नुसत्या उन्हात पसरली, पावसाआधी बांधली आणि डोक्यावर किंवा बैलाच्या पाठीवर टाकून घाट चढवली. बोंबील आणि सुकट आजही आमच्या बाजारातून असेच वर जातात. फक्त आता टेम्पो आहे. मधे बोरघाट आहे, नाणेघाट आहे, लहानमोठ्या पायवाटा आहेत. कुठली वाट, ते मासळीच्या हाडावरून कळत नाही. पण जोर्वे संस्कृतीची गावं सगळ्या घाटमाथ्यावर पसरलेली असताना कोकणपट्टी त्या नकाशात रिकामी दिसते, आणि त्या रिकाम्या पट्ट्यातून येणारी ही हाडं सांगतात की खाली माणसं होती. मासे मारणारी, सुकवणारी, वर कोणाला काय लागतं हे जाणणारी. आपल्या पट्ट्याचा तीन हजार वर्षांपूर्वीचा पुरावा मला मिळाला तो घोडनदीकाठी, कोणीतरी जेवून टाकलेल्या काट्यांत.

हे कळलं कसं? एक हाड माशाचं आहे, मासा समुद्रातला आहे, तो अमुक घरातल्या अमुक थरातला आहे, हे कोण सांगतं? कॉलेजात प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. उत्खननात सापडलेलं हाड आजच्या हाडांशी ताडून बघतात. पण त्याआधी ते हाड फेकून न देता चाळणीतून उचललं जावं लागतं. पिशवीत घातलं जावं लागतं. पिशवीत चिठ्ठी जावी लागते. मुलीने आम्हाला खापराचा एक तुकडा दाखवला, नक्षी नसलेला, साधा, फुटका. मागच्या बाजूला काळ्या शाईने बारीक अक्षरं होती. गावाचं आद्याक्षरी नाव, चराचा क्रमांक, थराचा क्रमांक. “मॅडम, ही शाई पुसली गेली ना,” ती म्हणाली, “तर हा नुसता खापराचा तुकडा.”

तिथे मला दायमाबाद आठवलं. १९७४ मध्ये प्रवरेकाठी श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. भरीव ओतकाम, चारींचं मिळून वजन साठ किलोहून अधिक. आज त्या दिल्ली आणि मुंबईच्या मोठ्या संग्रहालयांत आहेत आणि पाठ्यपुस्तकांतही आहेत. महाराष्ट्रात सापडलेल्या प्रागैतिहासिक वस्तूंत त्यांच्याइतक्या देखण्या दुसऱ्या नाहीत.

आणि त्यांचं वय आजही वादात आहे. त्या थराबरोबर सापडल्या नाहीत. सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या असाव्यात असं ढवळीकरांचं मत. धरमपाल अगरवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवलं. ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत इतकं आर्सेनिक मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नंतर एस. ए. साळी यांनी दायमाबादला अनेक हंगाम उत्खनन केलं, वस्तीचे टप्पे लावले, पण त्या चार वस्तू ज्या मातीतून निघाल्या ती माती परत जागेवर बसवता आली नाही. छबू भिल यांचा यात काही दोष नाही. त्यांनी मूळ खणलं, वस्तू निघाल्या, आणि त्या वितळवल्या गेल्या नाहीत हेच आपलं भाग्य.

एकीकडे साठ किलो ब्राँझ आणि दुसरीकडे चाळणीत राहिलेलं माशाचं हाड. माझ्यापुरतं बोलायचं तर मला त्या हाडाने जास्त दिलं. ते कुठल्या गावाचं, कुठल्या घराचं, कोणत्या शतकातलं हे सांगता येतं म्हणून त्यावरून पुढे दहा गोष्टी बोलता येतात. रथाबद्दल आपण थक्क होतो आणि तिथेच थांबतो.

निघताना मुलीने मातृदेवतेची हकीकत सांगितली. इनामगावच्या एका घरात, जमिनीखाली, झाकणाची मातीची पेटी मिळाली. आत शीर नसलेली स्त्रीमूर्ती. सोबत मातीचा बैल. मूर्तीला भोक, बैलाच्या पाठीलाही भोक. काडी घातली की ती बैलावर उभी राहते. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं.

“न भाजलेलं?” वहिनींनी पुन्हा विचारलं. “आमच्याकडे पावसाळी हवेत कच्ची मूर्ती चार दिवस सांभाळायची म्हणजे जिवावर येतं. सादळते, तडकते. हिला तीन हजार वर्षं कोणी हात लावला नाही म्हणून राहिली. आणि काढणाऱ्याने पण किती हळू काढली असेल.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “काम झाल्यावर विसर्जन केलं असेल का हो? पाण्यात नाही, जमिनीत?” मुलीने वही उघडली आणि ते टिपून घेतलं. वहिनी लाजल्या.

परतीच्या बसमध्ये बोरघाट उतरताना मी उजेड होता तोवर खिडकीतून थर बघत होते, कुठे कलायला लागतात ते. पनवेलच्या परिसरात आज जितकी माती हलते आहे तितकी कधी हलली नसेल. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला. रस्ते, मेट्रो, बोगदे, पंचवीस मजली इमारतींचे पाये. विकास नको असं मी म्हणत नाही. माझीही भाचरं त्या इमारतींत राहतात. पण पाया खणताना पोकलेनच्या बादलीत काय येतं ते बघणारं कोणीतरी असावं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं तो सांगतो. माशाच्या हाडाची किंमत दहा रुपये भरणार नाही. खापराचीही नाही. तिथे कायदा थांबतो आणि आपल्यालाच पुढे व्हावं लागतं.

काय करायचं ते अवघड नाही. विहीर, पाया, शेततळं, काहीही खणताना जुनं खापर, हाडांचा ढीग, राखेचा पट्टा, घडवलेला दगड दिसला तर लगेच उपसू नये. आहे त्या जागी फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी किंवा निदान चप्पल ठेवून, म्हणजे आकार कळतो. जमिनीपासून किती खाली होतं ते मोजावं. गाव, गट क्रमांक, तारीख कागदावर लिहून तो कागद वस्तूबरोबरच ठेवावा. वस्तू धुऊ नये. चिकटलेली माती हाही पुरावा असतो. आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकांना कळवावं.

पनवेलला १८५२ पासून नगरपालिका आणि २०१६ पासून महानगरपालिका आहे. एखाद्या शाळेतली, वाचनालयातली एक खोली मिळाली तरी सुरुवात होईल. भिंतीवर वाकलेल्या खडकाचा मोठा नकाशा, त्याखाली शाळेतल्या मुलांनी आपापल्या गावच्या खाणीतून आणलेले दगड. एका कपाटात टॉडच्या हत्यारांची छायाचित्रं, दुसऱ्यात कातळशिल्पांची रेखाटनं. इनामगावच्या माशांच्या हाडांच्या प्रतिकृती कॉलेजकडे मागता येतील. बाकीची कपाटं रिकामी ठेवावीत, कुलूप लावून, आणि आत कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवावा: गाव, गट क्रमांक, खोली, तारीख, आणून देणाऱ्याचं नाव. वहिनींनी चिठ्ठ्यांसाठी शाई कुठली वापरायची तेही ठरवून टाकलं आहे. हमरापूरच्या कारखान्यात मूर्तीच्या तळाला ऑर्डरचा नंबर ज्या काळ्या शाईने टाकतात, ती. पावसात पुसत नाही म्हणे.